चिखलातला सरकारी पाय

सरकारने मला पाय दिला तेव्हा त्याला बूट होता. काळा, चकचकीत, लेस बांधायचा. आमच्या औंढ्यात त्या काळी बूट घालून येणारं माणूस म्हणजे तालुक्याचा अंमलदार, नाहीतर लोणावळ्याला हवा खायला आलेला आणि वाट चुकलेला कोणी पाहुणा. त्यामुळे पायापेक्षा बुटाचाच बोभाटा जास्त झाला.

पण आधी खरा पाय गेला कसा ते सांगतो. त्यात लांबण लावण्यासारखं काही नाही. पहिल्या मोठ्या लढाईत मी पलटणीबरोबर इराकात बसऱ्याच्या पुढे नदीकाठाने चाललो होतो. तोफेचा गोळा जवळ पडला. शुद्धीवर आलो तेव्हा मी बोटीत होतो आणि डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. मुंबईच्या इस्पितळात जखम भरली, दोन कुबड्या मिळाल्या आणि मी घरी आलो.

घरी आई होती, थोरला भाऊ होता, भावजय होती आणि माझी बायको. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते आणि मी भरती झालो होतो, तेव्हा तिची-माझी ओळख अशी नव्हतीच. थोरला भाऊ मायेचा माणूस. मला धरून ओट्यावर बसवलं आणि म्हणाला,

"आता हितंच बस. शेताचं आमी बघतू. तुला जल्मात कमी पडू द्यायचा न्हाई."

तो मनापासून बोलत होता, आणि मला त्याचंच जास्त लागलं. कोणी हिडीसफिडीस केली असती तर उलटून बोलता आलं असतं. इथे सगळे चांगलेच वागत होते. आई पाण्याचा तांब्या हातात देई. भावजय ताट ओट्यावर आणून ठेवी. मी जाणाऱ्या-येणाऱ्याच्या रामरामाला रामराम करी आणि समोरच्या भातखाचरात दुसऱ्याच्या मागे चालणारे माझे बैल बघत राही.

बायको मात्र तांब्या आणून देत नसे. तहान लागली म्हटलं की म्हणे, "माठ आत हाय." एके दिवशी तिने घरातले सगळे विळे आणि कोयते माझ्यापुढे आणून टाकले आणि दगड ठेवला. "धार लावा. समदे बोथाटल्यात." आई तिच्यावर ओरडली, लंगड्या माणसाला कामाला लावते म्हणून. मी सगळ्यांना धार लावली. लढाईवरून आल्यावर त्या रात्री मला पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं.

लढाईवरून परतलेल्यांची व्यवस्था बघायला सरकारने जिल्ह्याला शिपायांचं एक बोर्ड नेमलं होतं. वर कलेक्टर, पुण्यात कचेरी, तिथे काम बघायला एक गोरा कप्तान, आणि खेड्यापाड्यांत फिरायला पेन्शनीत निघालेले जुने सुभेदार. आमच्या भागाला आलेले सुभेदार तळेगावचे. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ, एक तट्टू. कोणत्या गावात कोणाच्या घरचा माणूस पलटणीत आहे, कोणाची विधवा माहेरी गेली आहे, कोणाच्या पोराची शाळेतली फी माफ व्हायची राहिली आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. बोर्डाने पुष्कळांचं भलं केलं, ते मी नाकारणार नाही. शिपायाच्या घरच्या माणसाला दवाखान्यात फुकट औषध मिळे. कचेरीत शिपायाचं काम आधी पुढे येई. भांडण त्याबद्दल नव्हतंच.

सुभेदार आमच्या ओट्यावर बसले, चहा घेतला आणि मला म्हणाले, "तुझी सोय लावतो. रेल्वेच्या फाटकावर पहारेकरी होतोस? नाहीतर कचेरीत शिपाई? नाहीतर मुंबईला जा. अपंग शिपायांसाठी शाळा काढलीय. शिवणकाम शिकवतात. लाकडी पाय पण तिथंच बसवतात. परत येताना बोर्ड मशीन देईल. बसल्या जागी टेलर होशील."

"आन् शेती?"

"एका पायावर शेती? आणि तीही भाताची? तसं बोर्डाच्या यादीत काही नाही."

"मग घाला यादीत."

सुभेदार हसले. भाऊही हसला. मी विनोद केला नव्हता.

पाय मिळतो म्हणून मी मुंबईला गेलो. त्या शाळेत मुलखामुलखाचे लोक होते. पंजाबी, गढवाली, आमच्या घाटावरचे. कोणाला हात नव्हता, कोणाला डोळे. सकाळी परेड नाही, पण घंटा होतीच. कोणी मोजे विणायला शिकत होतं, कोणी मोटारीचं काम. मी सदरे शिवायला शिकलो. शिकलो म्हणजे शिवण सरळ येऊ लागली, पण बाही खांद्याला जोडताना ती कायम उलटी लागे. शिकवणारे मास्तर शांतपणे उसवत आणि पुन्हा माझ्या पुढ्यात ठेवत. त्या शाळेने मला लिहायलाही चांगलं शिकवलं, ते मात्र अंगी लागलं. आज हे लिहितो आहे ते त्याच जोरावर.

पाय सुरेख होता. हलक्या लाकडाचा, वर चामड्याची खोळ, मांडीला बांधायचे पट्टे. लोणावळ्याच्या ठेसनावर उतरलो आणि कुबड्या न टेकता, काखोटीला मारून घरापर्यंत चालत आलो. लोक दारात येऊन बघत होते. आई रडली. दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून शिवणाचं मशीन आलं, हाताने फिरवायचं, लाकडी पेटीत बसवलेलं. बोर्डाच्या हिशेबी माझी सोय लागली होती.

आवणीचे, भात लावायचे दिवस आले. खाचरं पाण्याने भरली होती, चिखलणी चालू होती. मी भावाच्या हातातून कासरा घेतला आणि बैलांमागे खाचरात उतरलो. उजवा पाय चिखलात रुतला, निघाला. डावा रुतला तो रुतलाच. बैल पुढे गेले, मी ओढ घेतली, पट्टे तुटले आणि मी तोंडावर पडलो. पाय मागे चिखलात उभा, बुटासकट गडप. बांधावरचे लोक आधी घाबरले आणि मग हसले. हसू येण्यासारखंच होतं ते. भावाने मला काखेत धरून बांधावर आणलं. "सांगत व्हतू ना तुला," एवढंच म्हणाला.

बायको रोपाची जुडी टाकून खाचरात शिरली, कोपरापर्यंत हात घातले आणि तो पाय उपटून काढला. बुटातनं चिखलाचं पाणी गळत होतं. तिने तो धुतला, उलटा-पालटा करून बघितला आणि म्हणाली,

"ह्यो पाय सडकंवर चालायचा हाय. ज्यानं केला त्यानं खाचर बघितलंय कुटं?"

तिच्या त्या बोलण्याने माझ्या डोक्यात लख्ख झालं. इतके दिवस मी समजत होतो की कमी माझ्यात आहे. कमी पायात होती. सरकारने पाय केला तो परेडच्या मैदानासाठी, आणि मी राहत होतो मावळात.

त्याच दिवशी संध्याकाळी मी करवत घेतली आणि घोट्यातून पाय कापला. बूट लाकडी पंज्यासकट बाजूला झाला. आई "अरं, सरकारी हाय त्यो!" म्हणून ओरडली. घोट्याच्या जागी ऐनाच्या लाकडाचा आखूड सोट ठोकला आणि त्याखाली घरातली पीठ मळायची जुनी, तडकलेली काठवट कापून तिची गोल फळी बसवली. बैलाचा पाय जसा फाकतो तसं काहीतरी माझ्या मनात होतं. सकाळी खाचरात उतरलो. रुतलो नाही. पण पाय उचलायला गेलो तर फळी चिखलाला अशी चिकटली की उचलेचना. पुन्हा पडलो. या वेळी बांधावर जास्त लोक होते.

दोन दिवस मी खाचराकडे फिरकलो नाही. मग बायकोच म्हणाली, "चाळणीवानी भोकं पाडा तिला. चिखूल वर निगून जाईल." लोखंडी सळई तापवून फळीला भोकं पाडली, कडा तासून उतरत्या केल्या. आणि पाय निघाला. रुतायचा थोडा, निघायचा. चाल बदकासारखी झाली. पोरंटोरं मागून तशीच चालून दाखवत. पण आवणी संपेपर्यंत आमच्या खाचरातली चिखलणी मीच केली, आणि भावाने कासरा परत मागितला नाही.

इकडे मशीन कोपऱ्यात पेटीत पडलं होतं. मी त्याला हात लावला नाही. बायकोने लावला. मी एकदा दाखवलं, दोरा कसा ओवायचा, दाबपट्टी कशी टाकायची. तिने तिच्या अंगच्या जुन्या चोळीची शिवण उसवून तिच्यावरून कापड बेतलं आणि चोळी शिवली. बाही उलटी लागली नाही. लोणावळ्याच्या शिंप्याकडे खण टाकायचा म्हणजे बाईमाणसाचा एक दिवस मोडे, आणि परक्या बाप्याला माप द्यायचं ते वेगळंच. हां हां म्हणता गावातल्या बायका खण घेऊन आमच्या मागच्या दाराने येऊ लागल्या. मग शेजारच्या वलवणच्या, मग कार्ल्याच्याही. आईला आधी हे पसंत नव्हतं. नंतर ती स्वतःच दारात बसून कोणाचा खण आधी आला ते सांगू लागली.

पुढच्या आवणीच्या ऐन दिवसांत सुभेदारांचा निरोप आला. कप्तानसाहेब लोणावळ्याच्या डाकबंगल्यावर येणार, बोर्डाकडून पाय आणि सामान मिळालेल्या शिपायांची पाहणी करणार. स्वच्छ कपडे, छातीवर बिल्ला, पाय पुसून यायचं.

कपडे स्वच्छ घातले. बिल्ला लावला. पाय मात्र होता तोच, फळीचा. दुसरा नव्हताच.

डाकबंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही ओळीने उभे राहिलो. साहेब एकेकाकडे बघत येत होता. माझ्यासमोर आला, खाली बघितलं आणि थांबला. माझ्या पायाखाली फरशीवर चिखलाचे ठसे उठले होते, भोकाभोकांचे.

"ये क्या है?"

"पाव है, साहेब."

"बूट किधर है?"

"घरपे है. खुंटीपे टांगा है."

शेजारचा माणूस फिसकन हसला. सुभेदारांचा चेहरा उतरला. ते पुढे होऊन साहेबाला इंग्रजीत काही सांगू लागले. साहेबाने त्यांना हातानेच थांबवलं. मग त्याने हिंदुस्थानीत मला विचारलं, सरकारची चीज तोडायचा हुकूम तुला कोणी दिला? मी म्हणालो, हुकूम कोणाचा नाही. हा पाय परेडचा होता, मला शेताचा पाहिजे होता. साहेबाने विचारलं, तुला तर टेलरकाम शिकवलं, मशीन दिलं, ते कोण चालवतं?

"बायको."

"मशीन सिपाही के लिए है. औरत के लिए नहीं."

आता माझं डोकं तापलं. मला इंग्रजी येत नव्हतं आणि हिंदुस्थानीही संपलं होतं. मी मराठीतच बोललो आणि सुभेदारांना म्हणालो, हे साहेबाला सांगा, एक शब्द गाळू नका. "मी लढाईवर गेलो तवा मागं घर तिनं वढलं. मी आलो तवा समद्यांनी मला ओट्यावर बशिवला, तिनं उठिवला. बोर्डाला शिपायाची सोय करायची आसंल तर शिपाई म्हंजे नुस्ता मी न्हाई. आन् पायाचं म्हनाल तर पाय माजा गेलाय. तो कसा पायजे ते मी सांगनार. साहेबानं सांगायचं न्हाई."

सुभेदारांनी किती सांगितलं आणि किती गिळलं, मला कळलं नाही. पण साहेब लाल झाला होता, म्हणजे बरंचसं पोचलं असावं. त्याने टेबलाशी बसून सुभेदारांकडून मराठीत कागद लिहवून घेतला. चूक झाली, सरकारी मालाची नासधूस केली, पुन्हा करणार नाही, असं त्यात होतं. साहेब म्हणाला, सही केलीस तर नवा पाय मिळेल. नाही केलीस तर यापुढे दुरुस्ती नाही, पाय नाही, मशीनही परत.

मी कागद वाचला. वाचता येत होतं, हे साहेबाला ठाऊक नसावं. वाचला आणि टेबलावर ठेवला.

"सही न्हाई करनार."

"विचार कर," सुभेदार खालच्या आवाजात म्हणाले. "उगाच ताठा करू नकोस. तुझ्याच हिताचं आहे."

"ताठा न्हाई. चूक केलीच न्हाई, तर कबूल काय करू?"

सलाम ठोकला आणि निघालो. औंढ्याच्या वाटेवर मात्र एकच घोर लागला. माझं काय व्हायचं ते होवो, पण मशीन जाणार हे तिला घरी जाऊन कसं सांगायचं? सांगितलं. ती पोलक्याला टाके घालत होती. मान वर न करता म्हणाली, "येऊ द्या न्यायला."

सुभेदार आले ते बैलगाडी घेऊन. सोबत एक हमाल. त्यांना मनातून हे काम नको होतं, ते दिसतच होतं. तट्टावरून उतरले तरी आत येईनात. अंगणात उभे राहून म्हणाले, "सूनबाई, मशीन द्यावं लागेल. वरचा हुकूम आहे."

ती बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण आवाजात पदर नव्हता. "न्या की, आबा. पर मशिनीवर आर्धी चोळी हाय. वलवनच्या पोरीचं लगीन हाय, तिची. परकराचं कापड बेतून ठिवलंय कार्ल्याच्या बाईचं. ज्यांचं त्यांना सांगून न्या. त्या काय म्हनत्यात बगा."

बायका तोवर जमल्याच होत्या. कोणी बोलावल्या होत्या ते मी विचारलं नाही. त्यात एक म्हातारी होती, तिचा पोरगा माझ्याच पलटणीत होता आणि तो परत आला नव्हता. ती सुभेदारांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"बोर्डानं मला इचारलं व्हतं काय पायजे म्हनून," ती म्हणाली. "मी म्हनलं पोरगा द्या. त्यो काय तुमास्नी देता आला न्हाई. न्हाई तर न्हाई. पर दिल्यालं उचलून नेता, ही कंची रीत?"

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. मग हमालाला म्हणाले, गाडी फिरव. आणि माझ्याकडे वळून, "मशीन शिपायाच्या घरी आहे, चालू आहे, नीट ठेवलेलं आहे. मी पाहिलं. वर तसंच कळवतो. कोण चालवतं ते मला कोणी विचारलेलं नाही."

सगळं काही माझ्या मनासारखं झालं असं नाही. सही न केल्याची किंमत मोजावी लागली. किती तरी वर्षं मला पाय मिळाला नाही. खोळ फाटली ती गावच्या चांभाराकडून शिवून घेतली. पट्टे कुजले ते बैलाच्या जुन्या वादीचे केले. फळ्या तर दर पावसाळ्याला नव्या लागत. कापलेल्या पायाच्या खुंटाला जखमा होत, भाद्रपदात मी कधीकधी रांगत घरात फिरे. तेव्हा कोणी म्हणे, एका सहीने काय गेलं असतं? मला माहीत होतं काय गेलं असतं.

कप्तान विलायतेला गेला. दुसरा आला, त्याला जुनं काही माहीत नव्हतं. सुभेदार फार थकले होते, तरी एका उन्हाळ्यात नवा पाय घेऊन ते स्वतः आले. त्यालाही बूट होताच. मी त्यांच्यापुढेच करवत काढली. ते ओट्यावरून उठले, खाली बसले आणि पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. "सरळ काप," म्हणाले. "वाकडा जातोय." त्यानंतर वलवणचा एक जण त्याचा पाय घेऊन आला, मग पलीकडच्या पवन मावळातला एक. मी कापत गेलो. बोर्डाची काय नासधूस व्हायची ती झाली.

मग दुसरी लढाई आली आणि संपली. पुन्हा पोरं परत येऊ लागली, काही धड, काही अर्धी. बोर्डात आता आपलेच लोक होते. तालुक्याच्या कमिटीवर एक जुना शिपाई घ्यायचा म्हणून त्यांनी मला घेतलं. वाटलं असेल, म्हातारा आहे, मान डोलवील.

पहिल्याच बैठकीला कार्ल्याचा एक जवान पुढे आला. उजवा हात कोपराखाली नव्हता. सेक्रेटरींनी त्याला काय काय मिळेल ते वाचून दाखवलं. शिपायाची जागा, लिफ्टमनची जागा, खडू करायचं शिक्षण. जवान ऐकत होता आणि जमिनीकडे बघत होता. मी त्याला विचारलं,

"बाळ, तुला काय करायचंय?"

त्याने मान वर केली. "लारी चालवायचीय. लढाईत तीच चालवत व्हतो."

एक-दोघं हसले. सेक्रेटरी नम्रपणे म्हणाले, "आबा, एका हाताने लॉरी? तशी तरतूदच नाही आपल्याकडे."

"मग करा," मी म्हणालो.

त्यांनी विषय पुढे ढकलला. पुढच्या बैठकीला मी तो पुन्हा काढला. त्याच्या पुढच्यालाही. सेक्रेटरी आता मला दारात बघितलं की आधीच म्हणतात, "आबा, लॉरीचंच ना?"

"व्हय," मी म्हणतो. "लारीचंच."

आणि खुर्ची ओढून बसतो.